फ्रान्समध्ये सायकल : कालव्याकाठून की जंगलातून?

हळू_पण_नक्की
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी आणि सौ., दोघंही पन्नाशी ओलांडलेले, राहणार पुणे. सप्टेंबरअखेर पॅरिसला पुतण्याकडे जाणं होतंय. तिथून पुढे बारा दिवस मोकळे आहेत. रविवारी खडकवासला, कधीमधी पानशेत, एवढा आमचा सायकलीचा सराव. दोघांच्या रोडबाईक आहेत, टायर २५ चे (म्हणजे २५ मिमी रुंद). राजवाडे आणि म्युझियमं मागच्या वेळी पाहून झाली. आता खेड्यापाड्यांतून फिरायचंय.

बेत असा : तुलूझपासून कनाल द्यु मिदीच्या काठाकाठाने भूमध्य समुद्रापर्यंत, २४० किमी. कालवा म्हणजे सपाट, सपाट म्हणजे सोपं. शिवाय वाट चुकायची भीती नाही. सौ.ना चढ झेपत नाही. पुतण्या म्हणतो, काका, कालव्याचा तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल, त्यापेक्षा जंगलातले छोटे रस्ते घ्या. मला जंगल म्हटलं की जुन्नरचा बिबट्या आठवतो.

तर, कालवा की जंगल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

फुकट_सल्ला
प्रकाश टाकायला आधी डायनॅमो फिरवावा लागेल. तोवर चहा घेऊन बसतो.

गुलाबी_शहरातून
काका, मी मूळची सांगलीची, सहा वर्षं तुलूझमध्ये आहे. नवरा विमानं बनवतो, मी सायकल चालवते. तुमचा बेत वाचून आनंद झाला, '२५ चे टायर' वाचलं आणि पोटात गोळा आला.

तुलूझहून निघालात की पहिले पन्नासेक किलोमीटर, पोर-लोरागेपर्यंत, डांबरी वाट आहे. अगदी लोणी. लोक फोटो टाकतात ते तिथले. पुढे जिल्हा बदलतो आणि लाड संपतात. माती, खडी आणि प्लातानची मुळं. प्लातान म्हणजे काठावरची ती उंच झाडं, आपल्या काश्मीरच्या चिनारची चुलत भावंडं. त्यांची मुळं वाटेखालून आडवी गेलीयत, त्यामुळे मैलोन्‌मैल गतिरोधक. हल्ली काही पट्टे सुधारलेत म्हणतात, पण कार्कासोनच्या पुढे मला कुठे कुठे हातभर रुंदीची पायवाट लागली : एका अंगाला गवत, दुसऱ्या अंगाला थेट पाणी. तिथे माझी चेन तीनदा पडली आणि मी एकदा. (गवताच्या बाजूला. देवाची कृपा.)

ती झाडंही आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. कालव्याकाठी ४२ हजार प्लातान होते. २००६ मध्ये त्यांच्यात बुरशीचा रोग सापडला. झाड आतून वाळत जातं, औषध नाही, तोडून जाळायचं आणि शेजारचीही तोडायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ही बुरशी युरोपात आली असं मानतात. हजारो झाडं गेली. नवी लावतायत, वेगवेगळ्या जातींची, पण ती अजून लहान आहेत. कॅलेंडरवरची हिरवी कमान सगळीकडे मिळेल या भरवशावर येऊ नका, काही ठिकाणी टळटळीत ऊन असतं.

आणि वारा! आमच्याकडे आग्नेयेकडून 'ओताँ' येतो. तो सुटला की माणसं वेडी होतात असं इथली म्हातारी मंडळी सांगतात. तुम्ही समुद्राकडे निघालात की तो थेट तोंडावर. सपाट रस्त्यावर समोरून वारा म्हणजे न संपणारा घाट. घाटाला निदान माथा असतो.

वऱ्हाडी_टायर
चेन तीनदा अन्‌ मी एकदा! काय राजेहो, हसून हसून पोट दुखलं.

नीरा_डावा_कालवा
'कालवा म्हणजे सपाट' यावर दोन शब्द. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, तेव्हा गप्प बसवत नाही.

आपला कालवा सपाट नसतो. त्याला उतार दिलेला असतो, डोळ्यांना न दिसणारा, पण असतो. कारण पाण्याने आपल्या पायांनी शेतापर्यंत चालत गेलं पाहिजे. कनाल द्यु मिदी मुळात सिंचनासाठी नाही, नावांसाठी बांधलेला. तो जिन्यासारखा आहे. लांबच लांब आडवी पायरी, मग लॉक, मग पुढची पायरी. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला हौद. नाव आत घ्यायची, दरवाजा लावायचा, पाणी भरायचं किंवा सोडायचं, नाव वर किंवा खाली. साधारण दोन-तीन मीटरचा फरक. सायकलवाल्याला चढ लागतो तो तेवढाच, लॉकपाशी. पण तो एकदम छातीवर येतो, गिअर आधीच हलका करून ठेवावा.

खरी गंमत माथ्यावर आहे. हा कालवा एका बाजूने चढतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो. मग माथ्यावर पाणी कुठून आणायचं? नाव माथा ओलांडून गेली की तिथलं पाणी दोन्हीकडे खाली गेलंच म्हणून समजा. हे कोडं सोडवलं पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने, आणि तो इंजिनिअर नव्हे, मिठावरचा कर गोळा करणारा मक्तेदार! त्याने मोंतान्य न्वार डोंगरातले ओढे वळवले, साँ-फेरेओलला मातीचं धरण बांधलं (काम सुरू १६६७) आणि चर खणून ते पाणी नोरूझच्या खिंडीत माथ्यावर आणून सोडलं. त्याच वेळी इकडे महाराज आग्र्याहून सुटून आले होते, म्हणजे काळाचा अंदाज येईल. कालव्याचं काम १६६६ ते १६८१. रिके १६८० साली गेला, उद्घाटनाच्या काही महिने आधी.

आमच्या खात्यातही असं पुष्कळांचं झालं. फरक इतकाच की त्यांच्या मागे उद्घाटनाला आणखी तीस वर्षं लागली.

फुकट_सल्ला
काका, मग तुमच्याच कालव्याकाठून सायकल मारावी की. फ्रान्स कशाला?

नीरा_डावा_कालवा
मारा. भरावावर निरीक्षण रस्ता असतोच. बाभळीचे काटे खात्यातर्फे मोफत.

कोकणचा_राजा७२
आपल्याकडे काय कमी आहे हो? रेवस ते रेड्डी सागरी मार्ग करून पाहा. फ्रान्स विसराल.

वऱ्हाडी_टायर
आले! मी वाटच पाहत होतो, पहिल्या दहा प्रतिसादांत कोण म्हणतं ते.

पानगळ
जंगलाच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं. मी तीन वर्षं बूर्जला होते, फ्रान्सच्या अगदी पोटात.

धागाकर्ते, तिथलं जंगल आणि आपलं जंगल हा शब्द एकच, वस्तू वेगळ्या. बिबट्या नाही. रानडुकरं आहेत, हरणं आहेत, पण ती तुमच्या आधी पळतात. आणि बहुतेक मोठी जंगलं शेकडो वर्षं माणसाने राखून, मोजून, तोडून, पुन्हा लावून वाढवलेली आहेत. एखादी जुनी आमराई कल्पनेत मैलभर ताणा.

माझं आवडतं त्राँसे. दहा हजार हेक्टरवर ओकची झाडं. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६७० च्या सुमारास ते ताब्यात घेतलं, आरमाराला जहाजांसाठी लाकूड हवं म्हणून. ओक पक्का व्हायला दीड-दोनशे वर्षं. झाडं तयार होईतो जहाजं लोखंडाची झाली! आता ते लाकूड वाइनच्या पिंपांना जातं. त्या झाडांच्या मधून, गाडी-घोडं नसलेल्या डांबरी रस्त्यावर सकाळी सात वाजता सायकल चालवायची, धुकं अजून खाली, टायरखाली ओकची फळं फुटल्याचा आवाज. २५ चा टायर तिथे पुरतो, कारण तो रस्ताच आहे, बांध नव्हे. 'दे' अक्षर आणि तीन आकडी नंबर असलेले जिल्हा रस्ते शोधायचे.

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून महिनाभर सांबरासारख्या मोठ्या हरणांचा माजाचा काळ. संध्याकाळी नर ओरडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणाची तरी म्हैस हरवली आहे.

वाट चुकण्याची भीती मात्र खरी. राजेलोकांच्या शिकारीसाठी आखलेली जंगलं आहेत, एका चौकात सहा-सहा, आठ-आठ सरळ रस्ते ताऱ्यासारखे फुटतात आणि सगळे एकसारखे दिसतात. काँपियेनच्या जंगलात खांबांवर एक लाल खूण असते, ती असलेली बाजू राजवाड्याकडची. बाकी ठिकाणी फोनची बॅटरी जपा.

पांढरा_कोट
जंगलातून आलात की आंघोळीच्या वेळी मांडीचे सांधे, काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू तपासा. गोचीड. तिकडच्या गोचिडीतून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-तूप-काडेपेटी काही नको. नंतर गोल लाल चट्टा पसरत गेला तर तिथल्याच डॉक्टरकडे जा, पुण्याला येईपर्यंत थांबू नका.

गुलाबी_शहरातून
@पानगळ, वर्णन सुंदर, पण शिकारीचं सांगायचं राहिलं. सप्टेंबरात हंगाम सुरू होतो तो साधारण फेब्रुवारी अखेरपर्यंत. रस्त्याकडेला 'शास आँ कूर' अशी पाटी दिसली की समजायचं, शिकार चालू आहे, बंदुका आहेत. रविवारी जास्त. भगवं-नारंगी काहीतरी अंगात घाला आणि बोलत-बोलत जा.

वऱ्हाडी_टायर
बोलत-बोलत जायला बायको बरोबर आहेच त्यांची.

नक्की_पण_वेगात
मी धागाकर्त्याची बायको. सदस्यत्व आजच घेतलं, कारण पुतण्याने दुवा पाठवला.

'सौ.ना चढ झेपत नाही' हे वाचून करमणूक झाली. मागच्या डिसेंबरात सिंहगड कोण उतरून ढकलत चढलं ते विचारा. गुडघा यांचा दुखतो, चढ यांना नको असतो, नाव माझं. कालवा हवाय तो यांना. मला जंगल हवंय. आणि हरणं ऐकायचीयत.

फुकट_सल्ला
🍿

हळू_पण_नक्की
सिंहगडावर चेन अडकली होती.

नक्की_पण_वेगात
तासभर?

ब्रेव्हेवाला_नाशिक
काका, धागा आता खऱ्या अर्थाने सुरू झाला :)

मी २०२३ ला पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १२०० किमीच्या वर, ९० तासांत, दर चार वर्षांनी. १८९१ ला शर्यत म्हणून सुरू झालं, आता शर्यत नाही, वेळेत परत यायचं एवढंच. आधी एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किमीच्या ब्रेव्हे (ठरल्या वेळेत संपवायच्या लांब सायकलफेऱ्या) पूर्ण करायच्या, मग प्रवेश. नाशिक-पुणे-मुंबईची बरीच मंडळी असतात तिकडे.

मी कालवा आणि जंगल दोन्ही पाहिलं, पण अर्धं झोपेत. सुरुवात रांबुयेच्या जंगलाच्या कडेने, हजारो लाल दिवे पुढे ओळीने जाताना. ब्रिटनीत रस्ता सपाट कधीच नाही, सतत वर-खाली, वर-खाली, लाटांवर बसल्यासारखा. मोठा डोंगर एकही नाही आणि तरी पाय मोडून ठेवतो. म्हणून 'फ्रान्स सपाट आहे' असं कोणी म्हटलं की मला हसू येतं.

पण जे विसरणार नाही ते गावकरी. पहाटे तीन वाजता एका घराच्या फाटकाशी टेबल, त्यावर कॉफी, पाणी, घरचा केक, आणि एक आजी स्वेटर घालून खुर्चीत बसलेली. पैसे विचारले तर मान हलवते. वारीच्या वाटेवर गावं पंगत घालतात ना, डिट्टो. मी मराठीत 'माउली' म्हणालो, तिने फ्रेंचमध्ये काहीतरी म्हटलं, दोघांनाही समजलं.

टायरचं : २५ वर मी ब्रिटनीतले खडबडीत रस्ते केले, पार्श्वभागाने महिनाभर आठवण ठेवली. आता २८ च्या खाली जात नाही. कालव्याला ३२ हवेत.

जुनी_अॅटलास
@ब्रेव्हेवाला, आमच्या काळी एकच टायर होता आणि एकच गिअर.

ब्रेव्हेवाला_नाशिक
काका, फ्रान्समध्येही तेच होतं! तूर द फ्रान्स शर्यतीत डिरेलर गिअर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारे) वापरायला परवानगी मिळाली १९३७ साली. त्या वर्षी जिंकला रोजे लापेबी. बोर्दोजवळ जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलवाट त्याच्या नावाने आहे.

गुलाबी_शहरातून
अरे वा, त्यावरून आठवलं. काका-काकू, कालवाच घ्यायचा आणि टायर बदलायचे नाहीत, तर तुलूझहून उलट्या दिशेला जा, गारोनच्या कालव्याने. १९३ किमी, जवळजवळ सगळी वाट डांबरी, सावली भरपूर. शेवटी ब्रेव्हेवाल्यांनी सांगितलेल्या लापेबी वाटेने थेट बोर्दोच्या दारात. वाटेत म्वासाकचा मठ. आझँला कालवा पुलावरून गारोन नदी ओलांडतो : खाली नदी, वर २३ कमानींवर नावा. पहिल्यांदा पाहताना डोकं चक्रावतं. आणि आझँचे प्रून, म्हणजे सुकवलेले आलुबुखार, खिशात ठेवायला उत्तम. मात्र जास्त खाऊ नका, पुढे लॉक आहे का शौचालय आहे हे आधीच पाहून ठेवा.

अशा मोटार-बंद वाटेला इथे 'व्वा व्हेर्त' म्हणतात, हिरवी वाट.

वऱ्हाडी_टायर
व्वा!

चाक_आणि_चकली
सगळे टायरवर बोलताहेत, पोटाचं कोणी बोलत नाही. आम्ही दोघी मैत्रिणींनी ब्रिटनीत नाँत-ब्रेस्त कालव्याच्या काठाने नऊ दिवस काढले. मी शाकाहारी.

पहिला धडा : खेड्यातली दुकानं दुपारी बाराला बंद. दोन-अडीचपर्यंत चिटपाखरू नाही. पुणेकरांना वेगळं सांगायला नको, तुम्हाला एक ते चारची सवय आहे. पण सोमवारीही बंद! सोमवारी आम्ही एका गावात पोचलो तर बेकरी बंद, किराणा बंद, हॉटेल बंद, चर्च उघडं. त्या दिवशी दशमी आणि लोणच्याने जीव वाचवला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सोमवारचा पाव घेऊन ठेवायचो.

दुसरा : ब्रिटनीत शाकाहाऱ्याची चैन. बक्वीटच्या पिठाचे गालेत, म्हणजे आपले धिरडेच, आत चीज, मश्रूम, अंडं. दक्षिणेत मात्र कास्तेलनोदारीला पोचलात की कास्सुले, पांढऱ्या घेवड्याची उसळ म्हणून हरखाल, आत बदक आणि सॉसेज निघेल.

तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा : पाणी संपलं की गावाबाहेरचं कब्रस्तान शोधा. तिथे फुलझाडांसाठी नळ असतोच. 'ओ पोताब्ल' लिहिलं असेल तर प्यायचं, 'नों पोताब्ल' असेल तर डोक्यावर ओतायचं. पहिल्या दिवशी मैत्रीण 'मसणातलं पाणी मी पिणार नाही' म्हणाली. तिसऱ्या दिवशी तीच लांबून क्रॉस दिसला की ओरडायची, 'पाणी आलं!'

कोकणचा_राजा७२
दशमी आणि लोणचं! शेवटी आपलंच कामाला आलं.

नीरा_डावा_कालवा
@चाक_आणि_चकली, नाँत-ब्रेस्त म्हणजे नेपोलियनच्या डोक्यातला कालवा ना? इंग्रजांनी ब्रेस्त बंदराची समुद्रातून नाकेबंदी केली, तेव्हा जमिनीवरून पाणवाट काढायची. ३६४ किमी. पण पूर्ण झाला १८४२ ला, तोवर नेपोलियनही नव्हता आणि नाकेबंदीही. माथ्यावरचा ग्लोमेलचा खोल चर कैद्यांकडून खणून घेतला होता. आणि मध्येच १९३० च्या सुमारास गेर्लेदाँचं धरण बांधून कालवा तोडला. सतरा लॉक पाण्याखाली गेले असं वाचल्याचं आठवतं.

चाक_आणि_चकली
हो काका, तिथेच आम्हाला वळसा पडला. २०१५ मध्ये ते धरण दुरुस्तीसाठी रिकामं केलं होतं, तर बुडालेले लॉक आणि लॉकवाल्याची घरं वर आली आणि बघायला झुंबड उडाली, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मी लगेच उजनीतलं पळसदेवचं देऊळ सांगितलं. फोटो दाखवला. ती म्हणाली, तुमच्याकडे देव बुडाले, आमच्याकडे लॉक.

भिगवणकर
पळसदेव! उन्हाळ्यात पाणी उतरलं की आम्ही पोरं शिखरापर्यंत जायचो. आजोबा लांबूनच हात जोडायचे, जवळ यायचे नाहीत. त्यांचं घरही तिथेच खाली आहे.

नीरा_डावा_कालवा
भिगवणकर, नमस्कार घ्या. उजनीवर माझी पहिली बदली होती. यावर कधीतरी वेगळा धागा काढू.

कायदा_म्हणजे_कायदा
मूळ विषयाकडे. तिकडे सायकलला घंटी सक्तीची आहे. कानात इअरफोन घालून चालवली तर दंड. वस्तीबाहेर रात्री किंवा अंधूक प्रकाशात चमकणारं जाकीट घालावंच लागतं. मोटारीने वस्तीबाहेर ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं, आणि बहुतेक जण सोडतात, रडू येतं. खेड्यातल्या चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो ट्रॅक्टर का असेना.

'ग्राव्हियाँ' अशी पाटी दिसली तर वेग कमी करा, नव्या डांबरावर कच टाकून ठेवलेली असते. आणि खड्ड्याला ते 'नी द पूल' म्हणतात, म्हणजे कोंबडीचं घरटं.

फुकट_सल्ला
आपल्याकडे शहामृगाचं म्हणावं लागेल.

पानगळ
पुन्हा वाचत आले तर लक्षात आलं, आपण कालवा 'की' जंगल असं भांडतोय ते मुळात चुकतंय. कालवे बांधले कशासाठी? त्यातले काही तर जंगलासाठीच.

पॅरिसला सोळाव्या शतकापासून सरपण कमी पडू लागलं. ते यायचं आग्नेयेकडच्या मोर्वांच्या डोंगरी जंगलातून. हिवाळ्यात झाडं तोडायची, ओंडक्यांवर मालकाची खूण ठोकायची, तळ्यांचं पाणी सोडून ओढ्यांना कृत्रिम पूर आणायचा आणि ओंडके सुटे सोडून द्यायचे. खाली क्लाम्सी गावापाशी ते अडवायचे, खुणा पाहून वेगळे करायचे, त्यांचे लांबलचक तराफे बांधायचे आणि माणसं त्यावर उभी राहून योन आणि सेन नद्यांतून पॅरिसला न्यायची. परत पायी! तराफे आधी बंद झाले, ओंडके सोडणं मात्र विसाव्या शतकापर्यंत चाललं. निव्हेर्नेचा कालवा १७८४ ला सुरू झाला तो याच लाकडासाठी. पुरा व्हायला साठेक वर्षं लागली.

तो कालवा म्हणजे ओसेर ते दसीझ, १७४ किमी. मधल्या माथ्यावर सार्दीला सोळा लॉक एकामागोमाग एक, झाडीत, एखाद्या देवळाच्या पायऱ्यांसारखे. त्यापुढे कोलाँसेलला कालवा तीन बोगद्यांत शिरतो. बोगद्यात सायकलवाट नाही, म्हणून तुम्ही वरून, जंगलातून. दोघांचंही भागतं. काकांना कालवा, काकूंना जंगल. हवं तर काकूंनी मध्येच मोर्वांत शिरून चढ करून यावं, काकांनी लॉकवाल्याच्या घराशी बसून कॉफी प्यावी.

वाट काही ठिकाणी डांबरी, काही ठिकाणी दाबलेली बारीक खडी. म्हणजे २५ नकोच.

गुलाबी_शहरातून
गारोनवाली असून मी या प्रतिसादाला +१. (माझ्या शहराची माफी मागून.)

नीरा_डावा_कालवा
@पानगळ, उत्तम. एक विनंती धागाकर्त्यांना. त्या माथ्याला पाणी देण्यासाठी योन नदीतून पंचवीसेक किलोमीटरचा चर काढलाय, तो माँत्रेयाँ गावापाशी ३३ मीटर उंच कमानींवरून दरी ओलांडतो. कालव्याहून थोडी वाट वाकडी करावी लागेल. जमलं तर पाहून या आणि मला कळवा. आता माझ्याच्याने होणार नाही.

नक्की_पण_वेगात
ठरलं. पाहते काका.

हळू_पण_नक्की
माझं मत कोणी विचारलं नाही तरी सांगतो, मला मान्य आहे. सायकली तिकडेच भाड्याने घेऊ.

फुकट_सल्ला
धागा वर काढतो. दिवाळी झाली, फराळ संपला, मंडळी परतली का? की क्लाम्सीहून तराफ्यावर बसवून दिली?

हळू_पण_नक्की
परतलो. उशिराबद्दल क्षमस्व, गुडघ्याचा व्यायाम चालू आहे.

पॅरिसहून ओसेरला साध्या रेल्वेने. १७४ किमीला आम्ही सात दिवस घेतले, हसू नका. भाड्याच्या सायकलींना ३८ चे टायर होते, रणगाडाच. तरीही पावसानंतरच्या एका पट्ट्यात मागचं चाक मडगार्डात अडकलं, तिथे तीन किलोमीटर ढकलत. सोमवारचा पाव रविवारीच घेतला, चाक_आणि_चकली यांचे आभार. कब्रस्तानचं पाणी प्यायलो. क्लाम्सीच्या पुलावर तराफेवाल्याचा पुतळा आहे, त्याच्याबरोबर फोटो काढला.

'सपाट म्हणजे सोपं' हे माझं विधान मागे घेतो. सपाटीवर पायाला विसावाच नाही. उतार नाही म्हणजे फुकटचा एकही किलोमीटर नाही, दिवसभर पेडल मारतच राहायचं. तिसऱ्या दिवशी मला चक्क एखादा घाट हवासा वाटला. सार्दीच्या सोळा लॉकशेजारची चढण मी न उतरता केली, याची नोंद संबंधितांनी घ्यावी.

नक्की_पण_वेगात
घेतली. सोळापैकी अकरा.

हरणं ऐकली. कोलाँसेलच्या वर, संध्याकाळी साडेसातला. हे म्हणाले मोटारसायकल आहे. मी सायकल झाडाला टेकवून अंधार पडेपर्यंत उभी राहिले. एक डावीकडून ओरडे, दुसरा लांबून उत्तर देई, मध्ये इतकी शांतता की ओकची फळं पानांवर पडल्याचं ऐकू यायचं. शनिवारी एका वळणावर शिकारीची पाटी आणि नारंगी जाकिटातले दहा-बारा आजोबा. त्यांनी हाताने थांबवलं, एकाने शिंग फुंकलं, मग जा म्हणाले. एकाने सफरचंद दिलं.

पानगळ
म्हैस वाटली की नाही?

नक्की_पण_वेगात
वाटली. पण मारकी.

नीरा_डावा_कालवा
माँत्रेयाँला जमलं का?

नक्की_पण_वेगात
गेले होते काका. एकटीच, हे गावातल्या बेकरीत बसले. खालून पाहिलं तर मान दुखते एवढं उंच. मग वरच्या बाजूला चराच्या काठाने थोडं चालले. चर अरुंद आहे, एका उडीत ओलांडता येईल असं वाटतं. कडेला शेवाळ, वर पानं पडलेली.

नीरा_डावा_कालवा
पाणी वाहत होतं?

नक्की_पण_वेगात
हो काका. एक पान टाकून पाहिलं. हळूहळू गेलं.